दहा मीटरच्या आतलं धरण

2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरहून उंच धरणं येतात. 10 ते 15 मीटरमधलीही येतात, पण मग 500 मीटर लांबी किंवा दहा लाख घनमीटर साठा, असं काहीतरी जोडीला लागतं. जांबोटी रस्त्याच्या आत एका रिसॉर्टवाल्याने ओढा अडवून घातलेला मातीचा बांध पाया धरून मोजला तरी 10 मीटरच्या आत भरतो. मालकाला हे तोंडपाठ होतं. "साहेब, आपलं कायद्यात बसतच नाही," असं त्याने फोनवरच सांगितलं, आणि ते खरंही होतं. त्याला फक्त विम्यासाठी बोटिंगच्या तळ्याचा एक दाखला हवा होता. बेळगावात असे दाखले सही-शिक्क्यासकट तयार मिळतात. ओळखीचा माणूस परगावी होता म्हणून काम माझ्याकडे आलं.

साठा मोजला तर साधारण 56 हजार घनमीटर, म्हणजे एका टीएमसीचा पाचशेवा हिस्सा. हिडकलचे 51 टीएमसी पेपरात वाचणाऱ्याला हे डबकंच वाटेल. पण ते वजनात 56 हजार टन आहे, आणि खाली अर्धा-पाऊण किलोमीटरवर, अरुंद ओढ्याच्या दोन्ही अंगांना एक वाडी आहे, अंगणवाडीसकट.

गेलो तेव्हा जुलै अर्धा उलटला होता. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. ज्याने पाहिला नाही त्याने एवढंच समजावं, की तिथे लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावायची तर एक माणूस नुसता छत्री धरायला लागतो.

मी आधी सांडव्याकडे, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेकडे, जातो. मातीचा बांध बहुधा दोन वाटांनी जातो, वरून पाणी ओसंडून नाहीतर आतून माती वाहून. सांडवा चार मीटर रुंद होता. त्याच्या तोंडावर मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी ताणलेली, तिला पालापाचोळा लागून जवळपास भिंतच झालेली. शिवाय उन्हाळ्यात बोटींचा धक्का कोरडा पडतो म्हणून दोन फळ्या टाकून पाणी वर उचललेलं. पाणलोट सव्वाशे हेक्टरचा. तासाला 60 मिलिमीटरची सर धरली, आणि त्यातलं थोडंफार जमिनीत मुरेल असं मानलं, तरी सेकंदाला बारा घनमीटर पाणी येणार. जाळी नसती तर या सांडव्यातून फार तर तीन गेलं असतं. बांधाच्या माथ्यावर पेव्हर ब्लॉक, बाकडी, दिव्यांचे खांब आणि ओळीने सुपारी. सेल्फीसाठी उत्तम. मुळं कुजली की त्यांच्या जागी पाण्याला नळ्या तयार होतात, हे त्या बागवाल्या कंत्राटदाराला कोणी सांगायचं?

मग खाली पायथ्याशी उतरलो. बागेला पाणी द्यायला बांधाच्या पोटातून एक पीव्हीसी पाइप काढला होता. मातीतून पाइप न्यायचा तर त्याच्याभोवती काँक्रीटचे कॉलर घालतात, आणि बाहेरच्या टोकाला वाळूचा फिल्टर देतात. इथे यातलं काहीच नव्हतं, आणि पाइपच्या बाहेरच्या अंगाने मनगटाएवढी धार येत होती. धार असणं वाईटच असं नाही. झिरपत नाही असा मातीचा बांध मी पाहिलेला नाही. बघायचं असतं ते पाणी काय घेऊन येतंय. रिकाम्या बाटलीत भरून दगडावर ठेवलं, चहा होईपर्यंत तळाशी बोटाच्या पेराएवढा लाल गाळ बसला. ती माती गाभ्यातली होती.

मॅनेजर तत्पर माणूस. मी वर येईपर्यंत त्याने सिमेंटची पोती मागवली होती, भोक बुजवायला. ते करायचं नसतं. तोंड बंद केलं की पाणी आतल्या आत दाब धरतं आणि दुसरीकडून फुटतं. पाण्याला जाऊ द्यायचं, मातीला अडवायचं. नव्या कॉटेजेसचं बांधकाम चालू होतं म्हणून वाळू आणि खडी हाताशी होती. धारेवर आधी वाळू, वर बारीक खडी, त्यावर मोठी, आणि भोवती पोत्यांचं कडं. गवंड्याला वाटलं मी उलटं सांगतोय, मोठे दगड खाली नकोत का? त्याच्याशी वाद घालत, गुडघाभर चिखलात, ते मनासारखं रचून घेतलं. तासाभरात धार तेवढीच राहिली, पण बाटलीतलं पाणी निवळ दिसू लागलं. या धंद्यात इतकं समाधान क्वचित मिळतं, म्हणून लिहून ठेवतोय.

तोवर मालकाने जेसीबी बोलावला होता, "मधूनच एक चर मारून टाकू" म्हणून. मारला असता तर ती चर तासाभरात बांध घेऊन गेली असती. जेसीबीचा पोरगा कित्तूरकडचा, माझं मोडकंतोडकं कन्नड त्याला मालकाच्या मराठीपेक्षा लवकर कळलं. जाळी तोडली, फळ्या काढल्या, आणि बांध सोडून उजव्या अंगाच्या घट्ट जांभ्यात नवा सांडवा खोदायला घेतला, बारा मीटर रुंद, जुन्यापेक्षा मीटरभर खोल. जांभा दात लावू देईना, ब्रेकर आणावा लागला. पातळीही एकदम उतरवता येत नाही. भिजलेल्या आतल्या उताराचा पाण्याचा आधार गेला तर तो घसरतो. दिवसाला फूटभर, त्याहून जास्त नाही, असं लिहून दिलं.

संध्याकाळी वाडीत गेलो. रात्री ओढ्याकाठच्या घरांत झोपू नका एवढंच सांगायचं होतं. सोबत पंचायतीचा एक सदस्य यायचा होता, तो आला नाही. तालुक्याला एका खात्यात फोन केला तर पहिला प्रश्न, "आयाकट किती?" त्या तळ्याखाली भिजणारं क्षेत्र शून्य, म्हणून ते त्यांचं नाही. बोटी आहेत म्हणून ते दुसऱ्या कोणाचं असेल, आणि त्या दुसऱ्याकडे बांध समजणारा माणूस नाही.

वाडीतल्या मामांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते पाझरूलंय म्हणून तर आमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतंय की. तुम्ही कशाला बंद करूलायसा?" मी म्हटलं, बंद नाही, फक्त पातळी खाली घेतोय. "तेच की ओ," मामा म्हणाले. आज्जी आतून म्हणाली, पूर्वी फेब्रुवारीपासून दोन कोसांवरून घागरी आणायला लागायच्या. रत्नागिरी जिल्ह्यात तिवऱ्याला धरण फुटलं, 2 जुलै 2019 ला, तिथल्या लोकांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. (नंतर तिथल्या मंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरलं म्हणून त्यांच्यावर बोट ठेवलं, तो विनोद आम्ही लोक अजून एकमेकांना सांगतो.) इथे उलट, गळती बंद होईल या भीतीने माझ्याकडे तक्रार. त्या रात्री ओढ्याकाठची दोन घरं वर शाळेत गेली, बाकीची गेली नाहीत.

बांध टिकला. सांडवा आठवड्यात झाला, पाइप पुढच्या उन्हाळ्यात उकरून कॉलर घालून बसवला, पायथ्याशी पाझर मोजायला नॉचही लावली. मी दाखला दिला नाही, अहवाल दिला, आणि त्यात शेवटी लिहिलं, "पातळी नव्या सांडव्याच्या माथ्यापर्यंतच राहिल्यास बांधाची सध्याची स्थिती समाधानकारक आहे."

यंदा मे महिन्यात वाडीतल्या विहिरींचा तळ दिसला. मीटरभर कमी पाणी म्हणजे पाझरही कमी, यात मला नवल वाटलं नाही, पण आज्जीला मी काय सांगणार होतो? मालकाचा धक्काही कोरडा पडलाच होता. आता पंचायतीत अर्ज गेलाय, की गावाच्या पाण्यासाठी नव्या सांडव्यात तीन फूट भिंत घालून तळ्याची पातळी पूर्ववत करावी. अर्जाची प्रत मॅनेजरने मला पाठवली, माहितीसाठी म्हणून. त्यात माझ्या अहवालाचा दाखला आहे: "तज्ज्ञ अभियंत्यांच्या मते बांधाची सध्याची स्थिती समाधानकारक आहे." वाक्याचा पहिला अर्धा भाग गाळलाय. पहिली सही मामांची आहे. मी पंचायतीला पूर्ण वाक्य लिहून पाठवलंय, आणि विहिरींसाठी ओढ्यात खाली एक छोटा बंधारा सुचवलाय. त्याचे पैसे कोण देणार, हे तिथे कोणी अजून विचारलेलं नाही.