कँडीतला 'रगर'चा शनिवार

सहा वर्षं श्रीलंकेच्या ग्रुप टूर नेतेय मी, आणि इतकी वर्षं मला वाटायचं की या देशात खेळ म्हणजे क्रिकेट, बस. त्या शनिवारी कँडीत दलदा मालिगावा, ते बुद्धाच्या दाताचं देऊळ, बघून निघालो आणि बस जी अडकली ती अडकलीच. समोर पोरांनी खच्चून भरलेले ट्रक, त्यांचे झेंडे, मॅचला वाजणाऱ्या पापरे बँडचा नुसता दणदणाट. आमचे ड्रायव्हर, मी त्यांना अय्या म्हणते, सिंहलीत थोरला भाऊ, त्यांनी इंजिनच बंद केलं. म्हणाले, आज ब्रॅडबी आहे.

ब्रॅडबी म्हणजे कोलंबोचं रॉयल कॉलेज विरुद्ध कँडीचं ट्रिनिटी, शाळकरी पोरांची रग्बी, १९४५ पासूनची. रॉयलचे प्रिन्सिपल ब्रॅडबी यांनी ढाल दिली म्हणून ते नाव. एक मॅच कोलंबोत एक कँडीत, दोन्हीकडचे पॉइंट्स मिळून निकाल.

अय्या रग्बी म्हणतच नाहीत, तिकडे सगळे 'रगर' म्हणतात. मागच्या सीटवरच्या काकूंनी विचारलं की नक्की खेळतात कसं, तर त्यांनी समोरची तंबिली उचलली, ते केशरी शहाळं, आकारही तसाच लांबट, आणि न बघता मागे माझ्या हातात दिली. बॉल हाताने द्यायचा तो मागेच, पळायचं मात्र पुढे! मला हे इतकं आवडलं की काय सांगू.

मग तासभर ते बोलत होते आणि आमचा मसाल्याच्या बागेचा टाइम निघून गेला तरी कुणी कुरकुर केली नाही. इंग्रजांनी १८७९ मध्ये कोलंबोत रग्बीचा क्लब काढला, मग चहाच्या मळ्यांवरचे साहेब डोंगरात खेळायला लागले, १९०८ मध्ये युनियन, म्हणजे रग्बीची देशभराची संघटना झाली, १९५० मध्ये ब्रिटिश लायन्स ही रग्बीची टीम दौऱ्यावरून परत जाताना कोलंबोत खेळून गेली आणि सिलोन ४४-६ ने हरलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पण आवाज बदलला तो किंग्सवुडचं नाव आल्यावर, कारण ती त्यांची कँडीतली शाळा. १८९१ मध्ये ब्लेझ सरांनी ती काढली आणि त्याच वर्षी पोरांच्या हातात रग्बीचा बॉल दिला, देशात शाळेत रग्बी आली ती तिथे, साहेबांच्या क्लबातून ती इथल्या पोरांची झाली ती तिथे. सगळे ट्रिनिटी-रॉयलच बघतात, हे म्हणताना ते जरा गप्पच झाले.

दुसऱ्या दिवशी नुवारा एलियाला निघताना मीच बोगंबराच्या ग्राउंडपाशी बस थांबवायला सांगितली. १९०६ मध्ये शाळा-शाळांमधली पहिली मॅच इथेच झाली, किंग्सवुड विरुद्ध ट्रिनिटी. सगळा ग्रुप खाली उतरला. किती स्कोअर झाला हो, काकूंनी विचारलं.

"सिक्स-ऑल," अय्या म्हणाले, "आम्ही हरलो नाही."