चॅट्सवर्थची पागा

ताईकडे इंग्लंडात शेफील्डला गेलो होतो तेव्हा एक दिवस चॅट्सवर्थला जायचं ठरलं. सगळ्यांनी सांगितलेलं वाडा बघ, चित्रं बघ, कारंजी बघ, आणि ते सगळं आहेच बघण्यासारखं, पण माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो तिथल्या पागेत, म्हणून हे पागेबद्दलच लिहितोय.

आमच्या आजोबांचा मिरजेत टांगा होता. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच पत्र्याचं शेड, त्यात आमची घोडी, आणि भिंतीच्या अलीकडे आम्ही पोरं झोपायचो. थंडीत ती भिंत कोमट असायची. रात्री घोडीनं पाय बदलला की नाल दगडावर वाजायची, तो आवाज अजून कानात आहे. त्यामुळे कुठेही गेलो आणि घोडे बांधायची जागा दिसली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात.

चॅट्सवर्थ म्हणजे डर्बीशायरमधली डेव्हनशायरच्या ड्यूकांची, म्हणजे तिथल्या एका बड्या सरदार घराण्याची, इस्टेट. खाली डरवेंट नदी, तिच्या काठी वाडा आणि वाड्याच्या ईशान्येला चढावर ही पागा. लांबून बघितलं तर हाच वाडा वाटावा अशी! चौकोनी दुमजली दगडी इमारत, एकेक बाजू जवळजवळ १९० फूट, मधे मोठं अंगण, दारावर घड्याळाचा मनोरा. जेम्स पेन नावाच्या आर्किटेक्टनं ती १७६० च्या आसपास चौथ्या ड्यूकसाठी बांधली. हा ड्यूक त्याआधी १७५६-५७ मधे ब्रिटनचा पंतप्रधान होता. त्याच्या डोक्यात आलं की वाड्याकडे येणारा रस्ता पश्चिमेकडून यावा आणि समोर नुसती हिरवळ, नदी, झाडं दिसावीत, मग वाड्याजवळची जुनी पागा पाडली, शेजारच्या गावातली नजरेत येणारी घरंही पाडली, कॅपेबिलिटी ब्राऊन या त्या काळच्या नावाजलेल्या बाग आखणाऱ्याकडून सगळा पार्क नव्याने करून घेतला आणि घोडे गेले वर टेकाडावर. साधारण त्याच सुमाराला, १७६१ च्या जानेवारीत, पानिपतावर आपल्या घोड्यांना दाणावैरण मिळत नव्हती. तिथं उभं असताना मला हे आठवलंच, मराठी माणसाला १७६१ चा काळ म्हटलं की दुसरं काय आठवणार.

दारापाशी मी बराच वेळ मान वर करून उभा होतो. खाली चार दणकट दगडी खांब, वर त्रिकोणात घराण्याचं भलंमोठं चिन्ह कोरलंय आणि दोन सांबरं आहेत अगदी खऱ्याएवढी. सांबरं दगडाची पण शिंगं खरी! दगडी डोक्यावर खरी शिंगं बसवलीत, एकदा लक्षात आलं की मग नजर तिथून हलत नाही.

आत ८० घोड्यांची सोय होती. ऐंशी म्हणजे काय हे ज्याच्या घरी एक घोडा होता त्याला विचारा. एका घोड्याला दिवसाला पंचवीस लिटर तरी पाणी लागतं, म्हणजे रोजचं दोन हजार लिटर, वर चंदी, गवत, खरारा, आणि लीद तर दिवसभर काढतच राहायची. आमची एक घोडी होती तरी आजोबा पहाटे चारला उठायचे. इथे लोहाराचं दुकानसुद्धा पागेतच होतं म्हणजे नाल ठोकायला बाहेर जायला नको. वरच्या मजल्यावर दाण्याची कोठारं आणि तिथेच मोतद्दार नि बाकी नोकरमाणसांच्या राहायच्या खोल्या. त्या वरच्या खिडक्यांकडे मी खूप वेळ बघत बसलो. ड्यूकांची नावं सगळीकडे लिहिलेली आहेत, पण पहाटे उठून ऐंशी बादल्या भरणाऱ्या त्या पोरांपैकी एकाचंही नाव मला कुठे दिसलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पुढे सहाव्या ड्यूकनं १८३० च्या दशकात पागेच्या मागे बग्ग्या ठेवायला वेगळी इमारत जोडली. मग मोटारी आल्या. शेवटचे घोडे इथून गेले १९३९ मधे, त्यानंतर पागेचं गोडाऊन नि गॅरेज झालं आणि मोतद्दारांच्या खोल्यांचे फ्लॅट करून इस्टेटीच्या पेन्शनर लोकांना आणि कामगारांच्या कुटुंबांना दिले, हे मला फार आवडलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाडा लोकांसाठी परत उघडला तेव्हा येणाऱ्यांच्या खाण्यापिण्याची सोय म्हणजे बाहेरचा एक नळ, बास. त्या नळावर नंतर ‘कुत्र्यांसाठी पाणी’ अशी पाटी लागली. १९७५ मधे १२० पौंड घालून चहाचा स्टॉल काढला, १९७९ मधे घोड्यांच्या जुन्या ठाणांमधेच नव्वद माणसांचा कॅफे केला पण तो काही नीट चालला नाही. शेवटी १९८७ मधे ड्यूकच्या घरच्या फ्रेंच शेफनं खाण्यापिण्याचं सगळं हातात घेतलं आणि बग्गीखान्यात अडीचशे लोकांचं रेस्टॉरंट उभं राहिलं. ताई आणि मी तिथेच बसून चहा घेतला. तबेल्यात बसून चहा पिणं आम्हाला दोघांनाही नवीन नाही, लहानपणी आजोबांबरोबर बशीतून प्यायचो शेडमधे.

अंगणातूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. घड्याळाचा मनोरा दाखवला, सांबरं दाखवली, ८० घोडे होते म्हणून सांगितलं. बाबा आता ऐंशीचे आहेत, त्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी एवढंच विचारलं, “आणि माणसं कुठं झोपायची रे?”

“वर, बाबा. घोड्यांच्या बरोब्बर वर.”

“मग थंडी वाजत नसंल,” ते म्हणाले.