केसॅनचा रिपोर्ट खालून वाचावा

लिनक्स कर्नलने केसॅनचा (मेमरीचा चुकीचा वापर पकडणाऱ्या त्याच्या तपासनिसाचा) रिपोर्ट ओकला की सगळे पहिल्या ओळीतल्या फंक्शनवर तुटून पडतात. ते बिचारं बहुतेकदा बळीचा बकरा. आधी रिपोर्टच्या शेवटचा तक्ता बघा. तो शॅडोचा, म्हणजे कुठली मेमरी वापरायची परवानगी आहे त्या नोंदवहीचा.

मेमरीच्या दर ८ बाइट्समागे शॅडोचा १ बाइट. ०० म्हणजे आठही वापरायला मोकळे, ०१ ते ०७ म्हणजे पहिले तेवढेच आपले, एफबी म्हणजे फ्री झालेली जागा. एफसी म्हणजे रेडझोन, हात लावायचा नाही अशी जागा, आपल्याकडे दोन परड्यांमध्ये गडगा असतो तसा. कर्नलमध्ये मेमरी देणाऱ्या केमॅलॉककडे १०० बाइट्स मागितले की ते १२८ बाइट्सच्या तुकड्यांच्या साठ्यातून (कॅशमधून) येतात. तक्त्यात बारा वेळा ००, मग ०४, मग तीन एफसी. चुकीची जागा दाखवणारी ^ ही खूण ०४ खाली आहे आणि राइट १ बाइटचं आहे? मग स्ट्रिंगला स्ट्रलेनएवढीच (फक्त अक्षरांपुरती) जागा दिली आणि शेवटच्या शून्याचा +१ राहिला का, ते आधी तपासा. गडगा ओलांडून उडी थेट शेजारच्या जिवंत ऑब्जेक्टमध्ये पडली, तर केसॅन गप्प बसतो.

यूज-आफ्टर-फ्रीत, म्हणजे फ्री झालेली जागा पुन्हा वापरली तर, खरी माहिती ‘फ्रीड बाय’च्या ट्रेसमध्ये, म्हणजे जागा कोणी फ्री केली त्या कॉलच्या साखळीत. तिथे ड्रायव्हर काढताना चालणारं रिमूव्ह फंक्शन दिसलं आणि वरच्या ट्रेसमध्ये वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग), तर जागा सोडणारी केफ्री झाली तेव्हा डिलेड वर्क, म्हणजे उशिरा करायचं काम, बहुतेक रांगेतच होतं. नल-चेक टाकून उपयोग शून्य, कारण पॉइंटर नल नसतोच. केफ्रीच्या आधी कॅन्सल-डिलेड-वर्क-सिंक हवं, आणि त्यानंतर कुठलाही इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) तेच वर्क पुन्हा रांगेत लावणार नाही याची खात्री.

हे पकडता येतं ते क्वारंटाइनमुळे: फ्री केलेली जागा लगेच दुसऱ्याला मिळत नाही. पण त्याची मर्यादा रॅमच्या ३२ व्या हिश्शाची. १ जीबीच्या बोर्डावर जेमतेम ३२ एमबी, शिवाय शॅडोला १२८ एमबी जातात ते वेगळे. उशिरा होणारा वापर म्हणून निसटतो.

ट्रेसमधल्या फंक्शनपुढच्या ऑफसेटवरून सोर्सची ओळ काढायला डिकोड-स्टॅकट्रेस स्क्रिप्ट, पण व्हीएमलिनक्स (कंपाइल झालेल्या कर्नलची फाइल) त्याच बिल्डची. मधे पुन्हा कंपाइल केलंत तर ओळी खोट्या.

केसॅन एरवी पहिलाच रिपोर्ट छापतो; पुढचे हवे असतील तर बूटला केसॅन-मल्टी-शॉट हा पर्याय द्या, मात्र विश्वास पहिल्यावरच. आणि लॉग सिरियल कन्सोलवरून बॅटरीवरच्या लॅपटॉपवर घ्या. जुलैत रत्नागिरीला वीज गेली की बोर्डाच्या डीमेसेजमधलं (कर्नलच्या मेमरीतल्या लॉगमधलं) काही उरत नाही.