कर्ण्यापुढची दोन मिनिटं

दरबारी गायचा, असं मी घरून ठरवूनच निघाले होते. मेणाच्या नळकांड्यावर आपला आवाज उमटवायची संधी पुन्हा कधी मिळेल कोण जाणे, तर मग मनाच्या सगळ्यात जवळचा रागच गावा, इतका साधा विचार. ज्या काकांकडे असा आवाज मुद्रित करणारं जुनं फोनोग्राफ यंत्र आहे त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दरबारीचा जीव कुठे असतो गं?"

"मंद्रात, खालच्या सप्तकात," मी म्हटलं.

"मग कर्ण्याला तो ऐकूच येणार नाही."

काका वर्षानुवर्षं जुने फोनोग्राफ दुरुस्त करत आले आहेत. एडिसनने १८७७ मध्ये पहिला फोनोग्राफ केला तेव्हा आवाज कथिलाच्या पातळ पत्र्यावर उमटायचा. मेण आलं ते पुढच्या दशकात. काकांचं यंत्र या मेणाच्या जमान्यातलं, चावीचं. त्यात वीज कुठेच नाही, आणि हे नीट समजायला मला वेळ लागला. गाणाऱ्याच्या श्वासातून जेवढा जोर निघेल तेवढाच यंत्राच्या वाट्याला येतो. कर्णा तो गोळा करतो, टोकाशी बसवलेला काचेचा पातळ पडदा थरथरतो आणि पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणात चर कोरते. म्हणजे मेण कोरायचं कष्टाचं काम गळाच करतो. नळकांडं मिनिटाला १६० फेरे घेतं, एका इंचात १०० चर बसतात, आणि दोन मिनिटं झाली की मेण संपतं.

या पद्धतीने साधारण २०० ते २५०० हर्ट्झमधलाच आवाज बऱ्यापैकी पकडला जातो. माझी पट्टी पेटीवरची काळी चार. म्हणजे माझा मध्य षड्ज, मधला सा, २०८ हर्ट्झचा, अगदी उंबरठ्यावरच. मंद्र पंचम १५६, तो सरळ बाहेर. कान हुशार असतो, मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या अंशस्वरांवरून खालचा स्वर मनातल्या मनात भरून काढतो. पण दरबारीचा तो खालून हळूहळू झुलत येणारा गंधार भरून काढलेल्या स्वरावर कसा उभा राहणार? मी दरबारी सोडला आणि अडाणा घेतला. स्वर बरेचसे तेच, पण अडाण्याचा सगळा खेळ उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, आणि तार षड्जाच्या, वरच्या सा च्या, आसपास. पट्टीही काळी पाच केली.

इथेच मी थबकले. जुन्या तबकड्यांमधल्या गायिका एवढ्या चढ्या पट्टीत का गातात, हा प्रश्न मी माझ्या गुरूंना कितीदा विचारला होता. चढी पट्टी ही त्या काळच्या मैफलीचीही गरज होती, कारण ध्वनिक्षेपक नसताना आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा असे. पण कर्ण्यानेही तेच मागितलं, आणि पंधरा मिनिटांत माझ्याकडून करून घेतलं.

मग हिशेब. नाव सांगायला आणि पहिल्या सुराला दहा सेकंद गेले तर उरतात ११०. त्रितालाची लय मिनिटाला १६० मात्रांची धरली तर सोळा मात्रांचं एक आवर्तन सहा सेकंदांचं. म्हणजे माझ्या हातात १८ आवर्तनं! ज्या विलंबित ख्यालात मी रियाजाला बसते त्याचं एकच आवर्तन मिनिटभर चालतं. मी कागदावर मांडणी केली. स्थायीला दोन, अंतऱ्याला दोन, बोल अंगाला चार, उरलेली ताना आणि मुखडा. आलाप नाहीच. रागाचं दार उघडून आत शिरायलाही सवड नाही, पहिल्या स्वरातच अडाणा दिसला पाहिजे. आयुष्यभर मी बढत शिकले, म्हणजे एकेक स्वर जोडत, थांबत, वाट बघत जाणं. त्या संध्याकाळी मला कसोशीनं गाणं निवडावं लागलं, आणि निवडणं ही वेगळी विद्या आहे हे मला तेव्हा उमगलं.

काकांनी दिव्याच्या उष्णतेने मेण हलकं कोमट केलं. गार मेण नीट कोरलं जात नाही. नळकांडं आतून दोन बोटांनी धरायचं, बाहेरच्या अंगाला हात लावायचा नाही. तंबोरा मी सवयीने जवळ घेतला होता, पण त्याचा काही उपयोग नव्हता. त्याची गुंजन कर्ण्यापर्यंत पोचत नाही. पेटी उंच स्टुलावर, कर्ण्याच्या तोंडाशी. तबलजी बरेच मागे, आणि डग्ग्याचा घुमारा येणारच नाही हे गृहीत धरून.

पहिल्यांदा मी मायक्रोफोनसमोर गाते तशी गायले. नाजूक, स्वरांच्या कडा मऊ ठेवून. वाजवून पाहिलं तर भिंतीपलीकडून कुणी गुणगुणतंय असं वाटलं. दुसऱ्यांदा छाती भरून गायले आणि तार षड्जावर सुई एवढी खोल गेली की तिथे नुसता खरखराट उमटला. काकांनी सांगितलं, पूर्वी ध्वनिमुद्रण करणारा माणूस गायकाच्या पाठीशी उभा राहायचा आणि वरचा स्वर येताना त्याला हलकेच मागे ओढायचा, खालचा आला की पुढे ढकलायचा. तिसऱ्या खेपेला मी हे स्वतःच करायचं ठरवलं आणि ताल चुकला. तान घेता घेता पाऊल मागे टाकायचं हे गळ्याला कधी शिकवलेलंच नाही.

फसलेलं नळकांडं वाया जात नाही. त्याच यंत्रावर पातळ धारेने वरचा थर तासून काढायचा की पृष्ठभाग पुन्हा कोरा. मेणाचा भुगा ब्रशने झाडताना मला १८९० च्या दशकातल्या गायकांची आठवण झाली. तेव्हा साच्यातून प्रती काढायची सोय नव्हती. तीन-चार, कधी त्याहून जास्त यंत्रं समोर मांडायची आणि गायकाने तेच गाणं दिवसभर पुन्हा पुन्हा गायचं. जॉर्ज जॉन्सन हा आफ्रिकन अमेरिकन गायक असाच गात राहिला, त्याच्या गाण्यांतलं तेच हसू, तीच शीळ. माझा गळा तिसऱ्या खेपेलाच उतरायला लागला होता.

चौथ्या वेळी मी तार षड्जावर नुसती मान वळवली. पाऊल हललं नाही, तोंड कर्ण्यापासून थोडं बाजूला गेलं, आणि ते जमलं.

ऐकताना आधी काही क्षण खरखर. मग माझं नाव, माझ्याच आवाजात. हे नाव सांगणं मी हट्टाने ठेवलं होतं. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि गायिका गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गाण्याच्या शेवटी ती "माय नेम इज गौहरजान" म्हणाली. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या माणसाला हे गाणं कुणाचं ते कळावं म्हणून. मी लहानपणी ते ऐकून हसत असे. आता हसू येत नाही.

माझा ‘स’ आणि ‘श’ कुठेच नव्हता. ऊष्म वर्णांची सगळी जान वरच्या कंपनसंख्येत असते, ती कर्ण्यापलीकडेच राहिली. स्वर मात्र तीक्ष्ण, धारदार, माझ्या ओळखीच्या आवाजापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी तरुण. गाणं चोख होतं. आणि ते जुन्या तबकडीसारखं वाटत होतं, मी कुणाची नक्कल केली नव्हती तरी. ज्याला मी ‘त्या काळची गायकी’ समजत होते त्यातलं बरंच या कर्ण्याने घडवलं असावं.

बरंच, सगळं नव्हे. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावते. ऑपेरा गायिका आदेलिना पाट्टी १९०५ मध्ये कर्ण्यापुढे गायली तेव्हा बासष्ट वर्षांची होती, तिची शैली कर्णा येण्याआधीच पक्की झालेली. तिच्या गाण्यातल्या स्वरास्वरांमधल्या घसरत्या मींडा, लयीला दिलेली सैल ओढ, हे यंत्राने दिलेलं नाही. यंत्राने फक्त जपलं. उलट १९०२ मध्ये मिलानच्या हॉटेलातल्या खोलीत ऑपेरा गायक एन्रिको कारुसो गायला, तेव्हा त्याचा आवाज यंत्रासाठीच घडलाय असं वाटावं एवढं ते जुळलं. आपल्याकडच्या अल्लादियाखाँसाहेबांनी तर ध्वनिमुद्रिका दिलीच नाही. त्यांच्या गाण्याचा अंदाज आपल्याला केसरबाई, मोगूबाई या त्यांच्या शिष्यांकडूनच घ्यावा लागतो. दोन-तीन मिनिटांत आपली गायकी मावणार नाही असं एखाद्या बुजुर्गाला वाटलं असेल तर मला आता ते पटतं.

१९२५ मध्ये विजेचं ध्वनिमुद्रण आलं आणि गळ्यावरचा तो भार उतरला. मऊ, कुजबुजता आवाजही तबकडीवर येऊ लागला. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या १९०५ च्या मुद्रिका आणि तीसच्या दशकातल्या मुद्रिका एकामागून एक ऐका. दुसऱ्या खेपेला त्यांच्या आवाजातली ती आर्त, बारीक किनार जवळ येऊन बसते. मी ज्या नाजूकपणाला माझा स्वभाव समजते, तो मायक्रोफोनने मला दिलेला आहे.

काकांनी विचारलं, "परत लावू का?" मी नको म्हटलं. मेण दर वाजवणीला झिजतं. शेजारच्या यंत्रावर त्याची प्रत उतरवून झाली होती, आणि नळकांडं कापूस घातलेल्या डबीत गेलं.

दुसऱ्या दिवशी रियाजानंतर एका जुन्या गायिकेची तबकडी लावली. घाईचं गाणं म्हणून मी ती वर्षानुवर्षं बाजूला ठेवली होती. तार षड्जावर तिचा आवाज क्षणभर पातळ होतो आणि लगेच भरून येतो. तिथे तिने मान वळवली असणार. मी ती जागा चार वेळा ऐकली.