कोठ्यातले नवे पाहुणे
आज पहाटे आमच्या बेरारी शेळीने, सुमारे १५० दिवसांच्या गाभणकाळानंतर, दोन करडांना जन्म दिला. एक पाठ (मादी करडू) आणि एक बोकड. पाठ लगेच उभी राहू लागली, बोकड मात्र गारठून निपचित पडला होता, तेव्हा सासूबाईंनी त्याचे नाकतोंड पुसून गोणपाटाने अंग असे काही चोळले की तो एकदाचा शिंकला आणि आमचाही जीव भांड्यात पडला. नाळेला टिंक्चर आयोडीन लावून तासाभरातच दोघांना चीक पाजला, कारण करडांना सुरुवातीची रोगप्रतिकारशक्ती या चिकातूनच मिळते. त्याचा खरवस करण्याचा मुलांचा हट्ट मी साफ मोडून काढला (रुसवा अजून गेलेला नाही).

दुपारी शेळीला तुरीचे कुटार घालत असताना शेजारचे काका बोकडाचा भाव विचारून गेले. एका दिवसाच्या जिवाचा भाव करणे मला मुळीच रुचले नाही. तरीही सोयाबीन पिवळे पडले त्या वर्षी खताची उधारी अशाच दोन बोकडांनी फेडली होती, हेही मी विसरलेले नाही.