शिरोलीच्या भट्टीपासून मिरामारच्या समुद्रापर्यंत : गोव्याची आयर्नमॅन ७०.३

वसुबारसेच्या तोंडावर कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीत चार दिवसांची रजा मागायची म्हणजे मॅनेजरच्या केबिनबाहेर तीन फेऱ्या ठरलेल्या. २०२४ साली गोव्याची रेस आली २७ ऑक्टोबरला, रविवारी, आणि दुसऱ्या दिवशी वसुबारस. साहेबांनी अर्जाकडे आणि मग माझ्या पोटाकडे बघितलं. "तू पोहणार? समुद्रात?" म्हणाले आणि सही केली. घरात हे आधीच होऊन गेलं होतं. सायकल आणली त्या दिवशी बायकोनं किंमत ऐकली आणि शांतपणे एवढंच म्हणाली, "एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या. दूध तरी मिळालं असतं."

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ७०.३ म्हणजे मैल. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं, मिळून ११३ किलोमीटर. पूर्ण आयर्नमॅनच्या बरोबर निम्मं. गोव्यात ही रेस २०१९ पासून होते, मधली दोन वर्षं कोरोनात गेली. सगळं मिळून साडेआठ तासांत संपवायचं. पण खरी भानगड मधल्या वेळांची असते. पोहणं १ तास १० मिनिटांत, आणि सुरुवातीपासून सायकल संपेपर्यंत ५ तास ३० मिनिटं. यातलं एक चुकलं की पायातली वेळ मोजणारी चिप काढून घेतात, मग तुम्ही कितीही ताजेतवाने असा. त्यामुळे माझ्यासारख्याने 'किती वेगात' हा प्रश्न सोडून द्यावा आणि 'कुठे किती मिनिटं शिल्लक' एवढाच हिशेब डोक्यात ठेवावा.

माझी तयारी पाळीवर चालायची. पहिली पाळी असली की पहाटे साडेतीनला उठून विद्यापीठाच्या आवारात पळायचं, सातला गेटवर हजर. दुसरी पाळी असली की सकाळी राजाराम तलावात पोहणं. शनिवारी गगनबावडा, जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर. परत येताना गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास, तिथे म्हशी दारातच उभ्या असतात. बायकोला फोटो पाठवला की उत्तर यायचं, "बघ, म्हशीच घ्यायला हव्या होत्या." रविवारी तांबडा-पांढरा ठरलेला. तो मी सोडला नाही, आणि तुम्हीही सोडू नका. वर्षभर ज्याच्यावर अंग वाढलं ते चार महिन्यांत बंद केलंत तर अंगापेक्षा घरचे जास्त बिथरतात.

एक गोष्ट मात्र कामाची. उन्हात सायकल मारायच्या आधी आणि नंतर, उघड्या अंगानं, वजन करा. तासाभरात माझं किलोभर उतरायचं, म्हणजे तासाला लिटरभर घाम, वर प्यालेलं पाणी वेगळं. भट्टीसमोर वीस वर्षं उभा राहिलोय, मला वाटायचं उकाड्याची आपल्याला सवय आहे. सवय म्हणजे घाम येत नाही असं नव्हे, हे वजनकाट्यानं शिकवलं. मीठ-साखर-लिंबाची बाटली तेव्हापासून मोजून भरायला लागलो. शेंगदाण्याची चिक्की मात्र विसरा. उन्हात ती मऊ होऊन दातांत बसते आणि चालत्या सायकलवर तोंडात बोट घालून काढावी लागते. बी काढलेला खजूर बरा.

आम्ही चौघं निघालो शुक्रवारी पहाटे, मित्राच्या इकोमधून. मागची सीट काढली, सायकली वाकळांत गुंडाळून एकावर एक आडव्या टाकल्या. निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि मग म्हापशावरून पणजी. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, पण घाट आणि चहा धरून सहा तास पकडा. आंबोलीत धबधब्याची बारीक धार अजून होती. तिथं थांबून फोटो काढले. तेव्हा खालच्या सायकलीला काय होतंय याचा विचार एकाच्याही मनात आला नाही. ती सायकल माझी होती.

रेल्वेनं येणाऱ्यांनी करमळीला उतरावं, पणजीला तेच जवळ. सायकल पार्सलमध्ये टाकणार असाल तर ती तुमच्याच गाडीनं चढली का, हे डब्याशी उभं राहून बघा, पावतीवर विसंबू नका. विमानानं येत असाल तर हवा भरायची गॅसची नळकांडी बॅगेत ठेवू नका, काढून घेतात. ती पणजीतच विकत घ्यायची. आणि शुक्रवारी नव्हे, गुरुवारी पोचा. आम्ही एक दिवस वाचवला आणि तो सगळा शनिवारी भरला.

शनिवारी सकाळी मिरामारला पाण्यात उतरलो. मी विहिरीत शिकलेला माणूस. पाठीला डबा बांधून काकांनी ढकललं होतं, पुढं उन्हाळाभर मुटके मारले. तलावात दोन-दोन किलोमीटर सहज जायचो. पाण्याची भीती ही चीज मला माहीत नाही, असं चारचौघांत सांगायचो. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, पाणी गढूळ. हात पुढं टाकला की कोपराच्या पुढचा हात दिसेना. तलावात खाली काही दिसलं नाही तरी पाणी एका जागी असतं. इथं पाणीच श्वास घेत होतं. तोंड वर काढलं नेमकं तेव्हा लाट आली, घोटभर खारं पाणी आत गेलं, आणि छातीत असं काही धडधडायला लागलं की मी आयुष्यात पहिल्यांदा मागं वळून किनारा बघितला. पन्नास मीटरसुद्धा आलो नव्हतो.

आमच्यातला दाताचा डॉक्टर दोनदा जाऊन आलेला. तो शेजारी येऊन म्हणाला, "भावा, उताणा पड. आभाळ बघ. पंधरा श्वास मोज." पडलो. खाऱ्या पाण्यात अंग तलावापेक्षा वर तरंगतं, हे तेव्हा कळलं. पंधरा झाले, पुन्हा पंधरा मोजले. मग उलटा होऊन सावकाश हात मारायला लागलो. उजवीकडून लाट येत असेल तर श्वास डावीकडे. दर आठ हातांनी मगरीसारखे डोळे फक्त वर काढायचे आणि बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, कुठाय ते बघायचं, कारण खाली रेष नसते आणि माणूस हमखास तिरका जातो. हे सगळं मला सहा महिने आधी वेंगुर्ल्याला किंवा मालवणला जाऊन करायला हवं होतं. सांगणारे सांगत होते. तुम्ही जा, दोनदा तरी जा. पण जीवरक्षक असतील तेव्हाच उतरा, आणि एकट्यानं तर अजिबात नको.

पाण्यातून बाहेर आलो आणि सायकल काढली. दोन मिनिटांत मागून टकटक ऐकू यायला लागली. मागचा गिअर वाटेल तसा उड्या मारत होता. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर ज्या छोट्या पट्टीला लटकतो, तो हँगर वाकला होता. वरच्या तीन सायकलींचं वजन आणि आंबोलीचे खड्डे, दुसरं काय. दुपारपर्यंत सायकल तपासून आत ठेवायची मुदत. तिथल्या मेकॅनिकनं पट्टी हातानं जमेल तेवढी सरळ केली, जास्त जोर दिला तर मोडेल म्हणाला. "सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकू नका, डिरेलर तारांत जाईल." म्हणजे चढाला लागणारा सगळ्यात हलका गिअर बाद.

तेव्हा हँगर जादाचा घ्या. एवढासा तुकडा असतो, आपल्याच मॉडेलचा मिळवावा लागतो आणि रेसच्या गावात तो नेमका नसतो. गाडीत सायकल ठेवताना चेनची बाजू वर. मागचा गिअर सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकून ठेवला की डिरेलर आत सरकून बसतो. एकावर एक तर कधीच नको.

संध्याकाळी पणजीत चौघं जेवायला बसलो तेव्हा शेजारच्या टेबलावर तळलेला इसवण, म्हणजे सुरमई, आला. आम्ही वरण-भात आणि बटाट्याची भाजी मागवली. वाढप्यानं कीव आल्यासारखं बघितलं.

रविवारी पहाटे तीनला उठून केळी आणि गूळ-पोळी. पोळी घरनं आणलेली, हॉटेलच्या नाश्त्यावर अवलंबून राहू नका. आमच्या हॉटेलनं साडेतीनला चहा देतो म्हणून सांगितलं होतं आणि साडेतीनला तिथं दिवासुद्धा नव्हता. सायकलच्या चाकांत रात्री हवा थोडी कमी ठेवावी आणि पहाटे भरावी. आदल्या दुपारच्या उन्हात टच्च भरलेली ट्यूब फुटायची भीती असते. मानेला, काखेला व्हॅसलीन चोपडा. खाऱ्या पाण्यानं कातडी कशी सोलते ते संध्याकाळी आंघोळीला कळतं.

वेटसूट नाही. पाणी २४.५ अंशांच्या वर असेल तर आपल्यासारख्या हौशींना तो चालत नाही, आणि गोव्याचं ऑक्टोबरातलं पाणी त्याहून बरंच कोमट. उजाडल्यावर थोडे थोडे करून सोडतात, आपल्या वेगाप्रमाणे आपणच रांगेत उभं राहायचं. इथं फुशारकी नको. पुढं उभं राहिलात तर मागचे अंगावरून जातात. मी शेवटच्या गटात राहिलो. पहिल्या वळणाच्या बोयाशी गर्दीत कुणाची तरी टाच गॉगलवर बसली आणि छाती पुन्हा तशीच धडधडली. उताणा पडलो, पंधरा मोजले, निघालो. दम तुटला तर वल्हवणाऱ्याच्या होडीला धरून थांबता येतं, होडी पुढं सरकली नाही म्हणजे झालं. ५२ मिनिटांत बाहेर आलो. वाळूत पाय लागल्यावर जे वाटलं ते पदक घेतानाही वाटलं नाही.

सायकलीजवळ पाण्याची एक जादा बाटली फक्त पाय धुवायला ठेवा. वाळू मोज्यात गेली की पुढच्या २१ किलोमीटरला ती भाकरीतल्या खड्यासारखी लागते. चूळ भरा, खारं पाणी पोटात गेलेलं असतं, त्यावर लगेच गोड ओतू नका. आणि हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही. हा नियम घरी पाठ करून जा.

सायकलवर पुढच्याच्या मागं चिकटून वारा चुकवायला बंदी. पुढच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर, आणि ओलांडायचं तर २५ सेकंदांत. नाहीतर निळं कार्ड आणि काही मिनिटं दंडाच्या तंबूत उभं राहायचं. माझा प्रश्न वेगळा होता, मला कुणाला ओलांडायचंच नव्हतं. प्रत्येक चढाला गिअर खाली टाकायला बोट जायचं आणि मेकॅनिक आठवायचा. उभं राहून रेटलं. तिसऱ्या फेरीत मांड्या लाकडासारख्या झाल्या. ३ तास ४६ मिनिटं लागली. सगळं मिळून ४ तास ४७. मुदतीला अजून ४३ मिनिटं होती, ती मी मनात बँकेच्या पासबुकासारखी दोनदा वाचली.

पळायला सुरुवात केली तेव्हा ऊन डोक्यावर. मिरामारवरून दोना पावलाकडे फेऱ्या. समुद्र शेजारी असतो आणि वारा मात्र नसतो. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असं ठरवलं होतं. चढाला तेही मोडलं, चाललो. टोपीत बर्फ भरायचा, वितळेपर्यंत पुढचा टप्पा येतो. एका घराच्या फाटकाशी एक मावशी झाडांना पाणी घालायचा पाइप धरून उभ्या होत्या. "उदक जाय?" आणि उत्तर यायच्या आत डोक्यावर धार. दुसऱ्या फेरीत मी रस्त्याच्या त्याच कडेनं गेलो. तिसऱ्या फेरीत त्या दिसल्या नाहीत, तर मनातून खट्टू झालो. एवढा त्यांचा आधार वाटायला लागला होता.

३ तास ५ मिनिटांत पळणं संपलं, एकूण ७ तास ५८. त्याच दिवशी बंगळुरूचे खासदार तेजस्वी सूर्या ८ तास २७ मिनिटं ३२ सेकंदांत पोचले, म्हणजे मुदतीला अडीच मिनिटं असताना. कमानीपाशी उभा राहून शेवटचे लोक येताना बघावेत. मला तरी जिंकणाऱ्यापेक्षा तेच बघायला जास्त आवडतं.

रात्री हुमण-भात, म्हणजे माशाची आमटी आणि भात, आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, खाल्ली. रविवारी रात्रीच परत निघायचा बेत होता, तो रद्द केला आणि बरंच झालं. आंबोलीचा घाट गोळे आलेल्या पायांनी उतरायचा-चढायचा नसतो, क्लच दाबताना गाडी चालवणाऱ्याचाच पाय आखडतो. सोमवारी सकाळी निघालो, वसुबारसेच्या दिवाबत्तीला घरी. चेनची बाजू वर होती.

एक राहिलं. हॉटेल बुक करताना मिरामारपासून किती लांब, सायकल खोलीत नेऊ देतात का, हे सगळे विचारतात. आम्हीही विचारलं होतं. खोली तिसऱ्या मजल्यावर निघाली, लिफ्ट नाही, आणि संडास भारतीय पद्धतीचा. तळमजला मागा.