वाईतलं लग्न, अमेरिकेचा व्हिसा : माझा अनुभव

आमचं लग्न वाईत वैदिक पद्धतीनं झालं, नवरा अमेरिकेचा नागरिक. "नुसतं धार्मिक लग्न व्हिसाला चालतं का?" हे घरात प्रत्येकानं विचारलं. चालतं. लग्न जिथं लागलं तिथल्या कायद्यानं ते वैध असलं की अमेरिकाही ते मानते. आपल्याकडे हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे लग्न विधींनीच होतं. सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला ते पूर्ण होतं. नोंदणीचा दाखला हा त्याचा पुरावा. मात्र आय-१३० अर्जाला (नवऱ्यानं बायकोसाठी अमेरिकी सरकारकडे करायचा पहिला अर्ज) तोच दाखला जोडायचा असतो, पत्रिका आणि अल्बम नंतर.

घाईतली मोठी चूक म्हणजे "दाखला आत्ता काढू, अर्ज टाकू, विधी डिसेंबरात करू." हे अजिबात करू नका. विधी न होताच काढलेल्या दाखल्यानं हिंदू विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. लग्नच झालेलं नसेल तर अर्ज उभा राहणार कशावर? आधी कागद हवाच असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे: ३० दिवसांची नोटीस, विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार. मग लग्नाची तारीख विवाह अधिकाऱ्यासमोरची धरायची आणि प्रत्येक फॉर्मवर तीच लिहायची, मांडवातली नाही.

व्हिडिओ कॉलवर लावलेलं लग्नही जपूनच. विधीच्या वेळी दोघं एकत्र हजर नसतील, तर नंतर पती-पत्नी म्हणून एकत्र आल्याशिवाय अमेरिका ते धरत नाही.

विधींनी लागलेल्या लग्नाच्या नोंदणीला नमुना 'ड', १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. खेड्यात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत किंवा महापालिकेत, ९० दिवसांच्या आत. फॉर्म आदल्या दिवशी भरून ठेवा आणि गुरुजींची सही सप्तपदी झाल्यावर मांडवातच घ्या. लग्नसराईत नंतर ते सापडणं कठीण. फोटोग्राफरलाही बजावून ठेवा. स्टेजवरचे शेकडो फोटो येतात, पण तांदळाच्या सात राशींवरून चालतानाचा एकही नसतो.

नावाचा घोळ सगळ्यात त्रासाचा. दाखल्यावर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. व्हिसा हातात येईपर्यंत नाव बदलू नका. दाखल्यावरचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून मगच सही करा. मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा आणि भाषांतर बिनचूक आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराचं सहीचं निवेदनही.

आय-१३० ऑनलाइन भरताना आम्हाला ६२५ डॉलर लागले, मंजुरीनंतर व्हिसा केंद्राचे ३२५ आणि १२० वेगळे. मुलाखत मुंबईला. तिथं मूळ दाखला दाखवावा लागतो, म्हणून लॅमिनेशन करू नका. अमेरिकेत पोचताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच मिळतं; ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ (ते कार्ड कायम करण्याचा अर्ज) भरायचा.